छातीचा पिंजरा उघडणारे डॉ. साउअरब्रुख: हजारोंना श्वास दिला, पण वेळेवर थांबता आलं नाही

जयंती-पुण्यतिथी विशेष

बरगडीवर गाठ आली, डॉक्टरांनी ती बरगडीसकट कापून काढली, तिथं जाळी बसवली, वरून पाठीचं मांस फिरवून लावलं आणि पेशंट काही दिवसांत चालत घरी आला. अशी बातमी आता आपल्या गावांतूनही कानावर येते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात हे ऑपरेशन होतं, त्यात नवल वाटत नाही.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन म्हणजे मरणाला बोलावणं होतं. पोट उघडायला सर्जन शिकले होते, हातपाय कापायला तर कधीचेच शिकले होते. छाती मात्र कुणी उघडत नसे. छातीच्या आत चाकू गेला की काही मिनिटांत पेशंट गुदमरायचा. गाठ बरगडीत रुतलेली असली तर डॉक्टर वरवर खरवडायचे किंवा हात जोडून मोकळे व्हायचे.

ही भीती मोडण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते जर्मनीचे डॉ. फर्डिनांड साउअरब्रुख. त्यांचा जन्म ३ जुलै १८७५ चा आणि मृत्यू २ जुलै १९५१ चा. म्हणजे पुण्यतिथी आणि जयंती लागोपाठच्या दिवशी येतात. या माणसाचं आयुष्य नुसतं कौतुक करून सोडून देण्यासारखं नाही. त्यात शिकण्यासारखं खूप आहे आणि सावध होण्यासारखंही तितकंच आहे.

चांभार आजोबांच्या घरात वाढलेला मुलगा

साउअरब्रुख यांचा जन्म जर्मनीतल्या बार्मेन गावी झाला. हे गाव आज वुपरटाल शहराचा भाग आहे. सगळा भाग कापडगिरण्यांचा. वडील कापडाच्याच धंद्यात होते. पोरगं जेमतेम दोन वर्षांचं असताना वडील क्षयरोगानं गेले. आई लेकराला घेऊन माहेरी आली. आजोबा जोडे शिवायचे. त्या जोड्यांच्या दुकानावर घर चालायचं आणि त्यातूनच नातवाचं शिक्षण झालं.

शाळेत फार हुशार म्हणून नाव नव्हतं. आधी विज्ञान शिकायला घेतलं, मग डॉक्टरकीकडे वळले. १९०१-०२ च्या सुमाराला डॉक्टर झाले आणि लहानमोठ्या दवाखान्यांत उमेदवारी करू लागले. १९०३ मध्ये त्यांना ब्रेस्लाऊ शहरात काम मिळालं. हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्स्वाफ. तिथं योहान मिकुलिच नावाचे त्या काळचे नामांकित सर्जन होते. मिकुलिच यांनी या नव्या पोराला एकच प्रश्न दिला. छाती उघडली तरी पेशंट जिवंत राहील, असा मार्ग शोधायचा.

छातीत हवा शिरली की काय होतं?

हा प्रश्न किती अवघड होता, हे कळायला आधी छाती कशी चालते ते बघू.

आपल्या छातीत बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. मागं मणक्याला जोडलेल्या, त्यांतल्या बहुतेक पुढं छातीच्या हाडाला जोडलेल्या. बांबूच्या कामट्यांनी विणलेल्या कणगीसारखा हा पिंजरा. त्याच्या आत दोन फुप्फुसं. फुप्फुस रबरी फुग्यासारखं असतं, मोकळं सोडलं की आकसून गोळा व्हायला बघतं. ते फुगलेलं राहतं, कारण फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या बारीक फटीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो. त्या ओढीनं फुप्फुस भिंतीला चिकटून राहतं. छाती फुगली की तेही फुगतं, छाती खाली बसली की तेही बसतं. लोहाराचा भाता जसा.

आता या भात्याच्या चामड्याला भोक पडलं तर? भाता कितीही हलवा, हवा त्या भोकातूनच ये-जा करणार, भट्टीपर्यंत पोचणारच नाही. छातीचंही तसंच. भिंतीला मोठं भोक पडलं की बाहेरची हवा आत घुसते, फुप्फुस चिंधीसारखं गोळा होतं आणि माणूस धडपडूनही श्वास घेऊ शकत नाही.

बरगडीची गाठ काढायची म्हणजे नेमकं हेच भोक पाडायचं. गाठ हाडात रुतलेली, मुळं आतल्या पडद्यापर्यंत गेलेली. वरवर काढली तर परत येणार. पूर्ण काढायची तर बरगड्या, मांस आणि आतला पडदा, असा भिंतीचा अख्खा तुकडा काढावा लागणार.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या पारहम नावाच्या सर्जननं १८९८ मध्ये छातीच्या भिंतीच्या गाठींवर मोठा लेख लिहिला होता. त्यानं ऑपरेशनच्या वेळी भात्यासारख्या यंत्रानं पेशंटच्या घशातून हवा आत ढकलली होती. वाट बरोबर होती, पण युरोपातल्या बड्या सर्जन लोकांनी तिकडं फारसं लक्ष दिलं नाही.

हवाबंद खोलीची करामत

साउअरब्रुख यांनी उलटा विचार केला. हवा आत ढकलण्यापेक्षा छातीच्या बाहेरच्या हवेचाच दाब कमी केला तर? छातीच्या फटीत जितका कमी दाब असतो, तितकाच बाहेर ठेवला तर भोक पडूनही फुप्फुस आकसणार नाही.

सुरुवात कुत्र्यांवरच्या प्रयोगांनी झाली. हवाबंद भांड्यात कुत्र्याचं धड, डोकं बाहेर, आणि भांड्यातली हवा थोडी काढून घेतलेली. छाती उघडली तरी कुत्रं श्वास घेत राहिलं.

त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात पुढचा किस्सा आहे. मिकुलिच यांच्यासमोर प्रयोग दाखवायच्या दिवशीच भांड्यातून हवा गळली आणि कुत्रं मेलं. गुरूंनी भडकून या पोराला हाकलून दिलं. साउअरब्रुख यांनी दुसऱ्या एका दवाखान्यात काम चालू ठेवलं, प्रयोग जमवून दाखवला आणि गुरूंनी त्यांना परत बोलावलं.

मग आली माणसाच्या मापाची खोली. पेशंटचं धड, सर्जन आणि मदतनीस सगळे या बंद खोलीच्या आत. पेशंटचं डोकं मात्र भिंतीतल्या भोकातून बाहेर, मानेभोवती रबराचा घट्ट पट्टा. भूल देणारा बाहेर, डोक्यापाशी बसलेला. पंपानं खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा पाऱ्याच्या १० मिलिमीटरइतका कमी केलेला. पेशंट तोंडानं बाहेरची साधी हवा घेणार आणि त्याची उघडी छाती कमी दाबाच्या खोलीत राहणार. म्हणून फुप्फुस फुगलेलंच राहणार.

पहिल्या पेशंटचा हिशेब मात्र रक्तानं चुकता झाला. त्याच पुस्तकाप्रमाणे ती एक बाई होती. ऑपरेशन चालू असताना खोली गळली, दाब गेला आणि ती वाचली नाही. पण त्यानंतर ऑपरेशनं यशस्वी होऊ लागली. एप्रिल १९०४ मध्ये बर्लिनला जर्मन सर्जनांच्या अधिवेशनात हे काम मांडलं गेलं आणि एकोणतीसाव्या वर्षात असलेल्या साउअरब्रुख यांचं नाव जगभर झालं. पुढच्याच वर्षी, जून १९०५ मध्ये मिकुलिच पोटाच्या कर्करोगानं गेले.

बरगड्यांसकट गाठ काढली

आता छातीची भिंत कापायची वाट मोकळी झाली होती. स्तनाचा कर्करोग एकदा काढूनही परत आलेला आणि खाली बरगड्यांत रुतलेला, अशा रुग्णावर साउअरब्रुख यांनी १९०७ मध्ये छातीच्या भिंतीचा पूर्ण जाडीचा तुकडा काढण्याचं ऑपरेशन केलं. छातीच्या भिंतीच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात याची नोंद आजही घेतात.

पण गाठ काढणं हे अर्धंच काम. मागं उरलेलं भगदाड झाकायचं कसं? नुसती कातडी ओढून शिवली तर भगदाड मोठं असल्यावर ती जागा श्वासागणिक आत-बाहेर होते. छाती फुगते तेव्हा ती आत ओढली जाते, छाती बसते तेव्हा बाहेर येते. अशा उलट्या श्वासानं पेशंट दमून जातो. शिवाय आत हृदय आणि फुप्फुस उघड्यावर पडल्यासारखे होतात.

या अर्ध्या कामाचं उत्तर दुसऱ्या देशातल्या डॉक्टरांनी शोधलं. इटलीत पाविया शहरात इजिनिओ तान्सिनी नावाचे सर्जन होते. त्यांनी १९०६ च्या सुमारास पाठीवरचा रुंद स्नायू त्याच्या कातडीसकट पुढं वळवून छातीची जखम झाकण्याची रीत लिहिली. स्नायू मुळापासून तोडायचा नाही. काखेकडून येणारी त्याची रक्तवाहिनी तशीच ठेवायची आणि तुकडा फिरवून पुढं आणायचा. पाटाचं पाणी न तोडता वाफा दुसरीकडे वळवावा, तसं. रक्त चालू राहिलं म्हणून मांस जगतं. ही सोपी आणि नामी रीत पुढं बरीच वर्षं अडगळीत पडली आणि १९७० च्या दशकात डॉक्टरांनी ती परत उचलली.

क्षयरोग आणि लाकडी हातांची कहाणी

१९१० मध्ये साउअरब्रुख स्वित्झर्लंडच्या झुरिक शहरात प्राध्यापक म्हणून गेले. आल्प्सच्या डोंगरांत तेव्हा क्षयरोग्यांची मोठमोठी आरोग्यधामं होती. क्षयावर औषध नव्हतं. साउअरब्रुख मणक्याजवळून अनेक बरगड्यांचे तुकडे काढायचे, म्हणजे छातीची ती बाजू खाली बसायची आणि आजारी फुप्फुसाला विश्रांती मिळायची. ऑपरेशन भयंकर होतं, माणूस एका बाजूनं वाकडा व्हायचा, पण अनेकांचा जीव वाचायचा. वडिलांना ज्या रोगानं नेलं, त्याच रोगाशी मुलगा चाकू घेऊन लढत होता. पुढं १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि ही ऑपरेशनं हळूहळू मागं पडली.

पहिलं महायुद्ध लागलं आणि हात तुटलेल्या सैनिकांची रांग लागली. साउअरब्रुख यांनी झुरिकचे इंजिनिअर आउरेल स्टोडोला यांच्याशी बोलून वेगळाच कृत्रिम हात तयार केला. उरलेल्या दंडाच्या स्नायूतून कातडीचं अस्तर असलेला बोगदा करायचा, त्यात हस्तिदंताची खुंटी घालायची आणि ती खुंटी कृत्रिम बोटांना जोडायची. माणसानं स्नायू आवळला की बोटं मिटायची. मूळ कल्पना इटलीच्या व्हांगेत्ती यांची होती, पण ती शेकडो सैनिकांपर्यंत पोचली ती साउअरब्रुख यांच्यामुळं. हात गेलेला शेतकरी किंवा सुतार परत काम धरू शकला, हे छोटं काम नव्हे.

१९१८ मध्ये ते म्युनिकला आले. १९२० आणि १९२५ मध्ये छातीच्या शस्त्रक्रियेवरच्या त्यांच्या जाडजूड ग्रंथाचे दोन भाग निघाले. १९२७ नंतर ते बर्लिनच्या शारिते या नामांकित रुग्णालयात आले. राजे, पुढारी, कलावंत त्यांच्याकडे येत. गरिबांवरही ते ऑपरेशन करीत. हाताखालच्या डॉक्टरांवर मात्र आग पाखडत. ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती.

साधी नळी जिंकली

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ज्या हवाबंद खोलीनं साउअरब्रुख मोठे झाले, ती खोली फार वर्षं टिकली नाही. ती महाग होती, आत उकडायचं आणि दाटीवाटीनं काम करावं लागायचं. १९०९ मध्ये अमेरिकेत मेल्त्झर आणि आउअर या दोघांनी श्वासनलिकेत बारीक नळी घालून हवा आत सोडायची रीत दाखवली. अख्ख्या खोलीचं काम एका नळीनं झालं. आज जगात छातीची बहुतेक मोठी ऑपरेशनं नळी आणि श्वासाच्या मशीनवरच होतात. पारहमचा तो भाताच शेवटी खरा ठरला.

साउअरब्रुख यांनी पुढं मुखवट्यातून दाबानं हवा द्यायची रीत वापरली, पण श्वासनलिकेतली नळी त्यांना बरीच वर्षं पटली नाही. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्यामुळं जर्मनीत ही नळी रुळायला उशीर झाला. ज्यानं दार उघडलं, तोच पुढं दारात उभा राहिला.

शिष्य परदेशी, गुरू सत्तेच्या सावलीत

बर्लिनमध्ये साउअरब्रुख यांच्या हाताखाली रुडॉल्फ निसन नावाचे हुशार सर्जन होते. १९३१ मध्ये निसन यांनी एका लहान मुलीचं पूर्ण फुप्फुस काढून तिला वाचवलं. असं यशस्वी ऑपरेशन पहिल्यांदाच होत होतं. पण निसन ज्यू होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि निसन यांना देश सोडून तुर्कस्तानात इस्तंबूलला जावं लागलं. पुढं अमेरिकेत १९४८ मध्ये त्यांनीच शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांचं ऑपरेशन केलं.

शिष्य असा देशोधडीला लागला आणि गुरूंनी त्याच वर्षी, नोव्हेंबर १९३३ मध्ये, जाहीरपणे नव्या सत्तेला पाठिंबा दिला. साउअरब्रुख पक्षाचे सभासद कधी झाले नाहीत. १९३५ मध्ये ज्यू चित्रकार माक्स लीबरमान वारले, तेव्हा भीतीपोटी फार थोडे लोक अंत्ययात्रेला गेले. त्या थोड्यांत साउअरब्रुख होते. १९४० मध्ये मनोरुग्ण आणि अपंगांना मारण्याची सरकारी मोहीम चालू झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध तक्रार घेऊन न्यायमंत्र्याकडे जाणाऱ्यांतही ते होते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९३७ मध्ये त्यांनी सत्तेकडून मोठा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. सरकारी संशोधन मंडळात वैद्यकीय विभाग त्यांच्याकडे होता. छावणीतल्या कैद्यांवर विषारी वायूचे प्रयोग करणाऱ्या डॉक्टरला जो निधी मिळाला, त्याला त्यांची मंजुरी होती. एका हातानं जीव वाचवणाऱ्या माणसाच्या दुसऱ्या हाताची ही सही इतिहासातून पुसता येत नाही.

१९४५ मध्ये बर्लिनवर तोफा धडधडत होत्या, तेव्हा सत्तरीला टेकलेले साउअरब्रुख शारितेच्या तळघरात जखमींवर ऑपरेशन करत होते. युद्धानंतर त्यांची चौकशी झाली आणि १९४९ मध्ये त्यांना सोडून देण्यात आलं.

कुणी थांबवायचं?

शेवटची वर्षं सगळ्यात दुःखाची. मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक होऊन त्यांची स्मृती आणि विचारशक्ती ढासळत चालली होती. ज्या हातांवर देशाचा विश्वास होता, ते हात चुकू लागले. टेबलावर नको त्या गोष्टी होऊ लागल्या, पेशंटांना त्याची किंमत मोजावी लागली.

हाताखालच्या डॉक्टरांना दिसत होतं, वरच्या अधिकाऱ्यांनाही कळत होतं. पण एवढ्या मोठ्या माणसाला सांगायचं कुणी? नाव खराब होईल, रुग्णालयाची बदनामी होईल, म्हणून जो तो गप्प. अखेर डिसेंबर १९४९ मध्ये त्यांना निवृत्त व्हायला भाग पाडलं गेलं. तरी ते थांबले नाहीत. नाव ऐकून लोक येत राहिले आणि ते घरीच, नीट साधनं नसताना, कापाकापी करत राहिले. २ जुलै १९५१ रोजी बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी ते ७६ वर्षांचे झाले असते.

त्याच वर्षी त्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं. ते दुसऱ्या लेखकानं शब्दांत उतरवलेलं होतं आणि त्यात बराच मीठमसाला होता. पुस्तक हातोहात खपलं, १९५४ मध्ये सिनेमाही निघाला. शेवटच्या वर्षांत काय घडलं, ते लोकांसमोर यायला मात्र १९६० उजाडलं.

आज हे ऑपरेशन कसं होतं?

साउअरब्रुख यांच्या काळातलं धाडस आज ठरलेल्या पायऱ्यांचं काम झालं आहे. आधी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून गाठ किती खोल आहे ते बघतात. सुईनं तुकडा घेऊन तपासतात. काही गाठींना आधी केमोथेरपी द्यावी लागते. मग गाठ आणि तिच्या भोवतीचा काही सेंटिमीटर चांगला भाग बरगड्यांसकट काढतात. शेताच्या बांधावरची हरळी मुळासकट खणावी, नाहीतर परत फुटते, तसाच हा हिशेब.

भगदाड लहान असेल किंवा खांद्याच्या पात्याखाली असेल तर टणक आधार लागतोच असं नाही. मोठं असेल तर कृत्रिम धाग्याची जाळी ताणून बसवतात. काही वेळा दोन जाळ्यांच्या मध्ये हाडाच्या ऑपरेशनचं सिमेंट घालून बरगड्यांच्या आकाराचं कवच करतात, किंवा टायटॅनियमच्या पट्ट्या लावतात. त्यावर पाठीचा किंवा छातीचा स्नायू फिरवून झाकतात. तान्सिनी यांची ती जुनी रीत आजही रोज वापरात आहे. छातीचा सर्जन, प्लास्टिक सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून हे काम करतात, एकट्याचं ते काम नव्हे.

छातीवरची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बऱ्याच गाठी चरबीच्या, साध्या असतात. पण जी गाठ टणक आहे, हाडाला चिकटलेली वाटते, वाढत चालली आहे किंवा जिथं रात्रीसुद्धा ठणका लागतो, ती अंगावर काढू नये. लेप लावण्यात, शेकण्यात, चोळण्यात महिने घालवले तर गाठ आत शिरते आणि दोन बरगड्यांचं काम पाच बरगड्यांवर जातं. आधी जिल्हा रुग्णालयात दाखवावं. पैशाची अडचण असेल तर कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला विचारावं. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय तर १९४१ पासून कर्करोगाच्याच उपचारासाठी उभं आहे.

आणि डॉक्टर कितीही नावाजलेला असो, प्रश्न विचारायला लाजू नये. कुठलं ऑपरेशन, किती धोका, दुसरा उपाय आहे का, हे विचारणं म्हणजे अपमान नव्हे. बर्लिनमध्ये मोठ्या नावापुढं सगळे गप्प बसले आणि त्याची किंमत टेबलावर झोपलेल्या माणसानं मोजली. साउअरब्रुख यांनी छातीचं दार उघडलं, त्याबद्दल जग त्यांचं देणं लागतं. त्यांच्या शेवटच्या पेशंटांचंही काही देणं लागतंच. ते फेडायचं तर डोळस विश्वास ठेवायचा आणि वेळेवर बोलायचं.